एका बोटाची ओळ

कारांगपुलुहच्या तालुका कचेरीत चौतीस वर्षांत अकरा साहेब आले आणि गेले. टायपिस्ट एकच होती. बू काप्ती. साहेब सही करायचे. बाकी सगळं बू काप्ती करायच्या. जन्माचे दाखले, मरणाचे दाखले, बकरी हरवल्याची तक्रार, तीच बकरी सापडल्याचा अहवाल, मंत्र्यांना आमंत्रण, आणि मंत्री आले नाहीत त्याबद्दल त्यांचे आभार. हे सगळं त्यांच्या दहा बोटांखालून गेलं. त्यातल्या एकाही कागदावर त्यांचं नाव नव्हतं. त्याचं त्यांना फार वाईट वाटायचं असंही नाही. निम्म्या कागदांत थापा असायच्या, तिथे आपलं नाव नाही हेच बरं, असं त्या म्हणायच्या.

बू म्हणजे बाई. पूर्ण नाव सुकाप्ती. ते फक्त पेन्शनच्या पुस्तकात होतं.

निवृत्त होऊन तीन महिने झाले आणि त्यांच्या पुढच्या खोलीत संगीतवाले आले. ती खोली मुलाची. मुलगा बाताम बेटावर जहाजं रंगवतो, दोन वर्षांतून एकदा येतो आणि आल्यावर झोपतो. खोली रिकामीच होती. योग्या शहराहून दोघं मोटरसायकलवर आली, सराव करायला जागा हवी म्हणाली. एक गांदुंग, लांबलचक, इंजिनिअरिंग अर्धं सोडलेला, दारातून येताना दर वेळी डोकं आपटणारा. दुसरी विगाती, कलाविद्यालयात गामेलान, म्हणजे हातोड्यांनी वाजवायचा काशाच्या वाद्यांचा मेळ, शिकलेली, आणि कधीही जेवायला तयार असलेली. बू काप्तींनी विचारलं, वाद्यं कुठे आहेत. गांदुंगने लॅपटॉप दाखवला. बू काप्तींना वाटलं, बाकीची मागून टेम्पोने येतील.

टेम्पो आला नाही. ही माणसं लिहून संगीत वाजवत होती. कोरं पान उघडायचं आणि त्यावर संगणकाला हुकूम लिहायचा: हा आवाज, इतक्यांदा, इतक्या अंतराने. ओळ धाडली की आवाज सुरू. मग ती ओळ बदलेपर्यंत तो फिरत राहतो. त्यावर दुसरी ओळ, तिसरी. आणि यांच्यात एक रीत आहे. वाजवणाऱ्याने आपलं पान प्रोजेक्टरने भिंतीवर टाकायचं. काय लिहितोय, कुठे अडलाय, कुठे चुकलाय, सगळं ऐकणाऱ्यांना दिसलं पाहिजे. पान लपवणारा लबाड.

आवाजाचा बू काप्तींना त्रास नव्हता. टायपिंगचा होता. गांदुंग दोन बोटांनी टाइप करायचा. चार दिवस त्यांनी स्वयंपाकघरातून ती टकटक ऐकली. पाचव्या दिवशी झारा हातात घेऊनच त्या खोलीत गेल्या.

"ऊठ," त्या म्हणाल्या.

"काय झालं, बू?"

"खुर्चीवरून ऊठ. काय लिहायचंय ते तोंडाने सांग."

गांदुंग सांगू लागला. त्याचं वाक्य संपायच्या आत ओळ लिहून झालेली असायची. महिनाभराने त्याने सांगणं बंद केलं. सांगण्यासारखं त्याच्याकडे काही उरलं नव्हतं.

दोन वर्षांत बू काप्ती योग्याच्या कॉफीच्या दुकानांत आणि चित्रकारांच्या गोडाऊनमध्ये वाजवू लागल्या. त्यांचं वाजवणं सरकारी पत्रासारखं होतं. आधी विषय, मग संदर्भ, मग मुद्दा, आणि लगेच निरोप. खाडाखोड नाही. लिहिलेली ओळ त्या पुसायच्या नाहीत, दुरुस्त करायच्या. पण लोक यायचे ते आणखी एका गोष्टीसाठी. पानावर एक ओळ अशीही लिहिता येते की जी संगणक वाचत नाही, फक्त माणसं वाचतात. इतर वाजवणारे तिथे स्वतःसाठी टिपणं लिहितात. बू काप्ती श्रोत्यांना लिहायच्या. "खांबाजवळचा सिगारेटवाला, बाहेर." "दुसऱ्या रांगेतली लाल ओढणी, फोन पिशवीत." संगीत न थांबता हे भिंतीवर उमटायचं. सिगारेटवाला बाहेर जायचा. आणि पुढच्या वेळी चार मित्रांना घेऊन परत यायचा.

नवऱ्याचं नाव वागिरान. ते होले पाळतात. अंगणात उंच खांबांवर नऊ पिंजरे, सकाळी दोरीने वर चढवायचे, दुपारी उतरवायचे. बायकोच्या संगीताबद्दल त्यांचं एकच मत होतं: होल्यांचा घसा बसतो. ते कौतुक करत नसत. छत्तीस वर्षांत स्वयंपाकाचंसुद्धा केलं नव्हतं. दुसऱ्यांदा वाढून घेतलं की समजायचं.

मग उजवं मनगट गेलं. आधी अंगठा बधिर, मग तीन बोटं, मग कढईसुद्धा उचलवेना. आरोग्यकेंद्रातला डॉक्टर मुलाच्या वयाचा होता. त्याने विचारलं, काम काय करता. टायपिस्ट, त्या म्हणाल्या. निवृत्त झालात ना, त्याने विचारलं. झाले, पण संध्याकाळी संगीतासाठी टाइप करते. डॉक्टरने पट्टा बांधून दिला. तीन महिने उजव्या हाताने एक अक्षर नाही. डाव्याची मधली बोटंही त्याच वाटेवर आहेत, तीही जपा. नंतर बघू, लहानसं ऑपरेशन करू.

आणि नेमका त्याच आठवड्यात गावच्या चौकात फलक लागला.

कारांगपुलुहमध्ये वर्षातून एकदा गावशुद्धीचा सण असतो. सकाळी मिरवणूक, रात्री वायांगच्या सावली-बाहुल्यांचा खेळ. मधली दुपार रिकामी जायची. यंदा सरपंचांनी ती भरायची ठरवली. शहरातले लोक आपल्या गावच्या बाईचं ऐकायला जातात आणि गावाने ऐकलेलं नाही, हे त्यांना शोभेना. फलकावर वर वायांगचं नाव होतं. त्याखाली ताटाएवढ्या अक्षरांत: दुपारी चार वाजता, बू सुकाप्ती आणि मंडळी.

त्या दिवशी बू काप्ती तीनदा मीठ आणायला चौकात गेल्या. मीठ घरात होतं.

रात्री त्यांनी डाव्या हाताने जेवताना नवऱ्याला सांगितलं की आपण वाजवणार. हाताचं काय, वागिराननी विचारलं. बू काप्तींनी डाव्या हातानेच त्यांना आणखी भात वाढला.

उत्तर गांदुंगने आणलं. तीन आठवडे तो आला नव्हता. आला तो बांबूची तिपाई घेऊन. तिपाईवर कॅमेरा, टेबलाकडे तोंड केलेला. तो म्हणाला, आता टाइप करायचंच नाही. हात नुसता हलवायचा. कॅमेरा हात ओळखतो.

"हात ओळखून करणार काय? मला काय लिहायचंय ते हाताला बघून कसं कळेल?"

तेच तर, गांदुंग म्हणाला. बू काप्तींनी दोन वर्षांतला प्रत्येक कार्यक्रम आणि प्रत्येक सराव जपून ठेवला होता. तारीख, क्रमांक, विषय. चारशे बारा फायली. संगीत वाजवणारं दुसरं कुणी हे करत नाही, ही खास कचेरीची खोड. त्या सगळ्या फायली त्याने एका यंत्राला वाचायला दिल्या होत्या. कोणत्या ओळीनंतर बू काप्ती कोणती ओळ लिहितात ते यंत्र शिकलं होतं. आता ते पुढची ओळ आपणहून सुचवणार, करड्या अक्षरांत. तळवा उघडून दाखवला की मंजूर, अक्षरं पांढरी होतील आणि ओळ वाजेल. मूठ दाखवली की नामंजूर, ते दुसरी सुचवेल. आणि हात डावीकडून उजवीकडे झटकला की सगळं बंद.

पहिला सराव दहा सेकंद टिकला. करडी ओळ आली. बू काप्तींनी तळवा दाखवला. ओळ वाजू लागली आणि लगेच सगळं बंद पडलं. पुन्हा केलं, पुन्हा बंद. गांदुंगने वायर बदलली. कॅमेरा पुसला. कॅमेऱ्याच्या आईबापांचा उद्धार केला. दीड तास हे चाललं. विगाती कोपऱ्यात शेंगदाण्याचे कुरकुरीत पेयेक खात बसली होती. तिने खाता खाता विचारलं, बू, तुमचा डावा हात मधेच कुठे जातो?

कुठेही जात नाही, मांडीवर आहे, बू काप्ती म्हणाल्या. विगातीने फोनवर चित्रण करून दाखवलं. ओळ संपली की डावा हात आपसूक वर उठत होता आणि डावीकडून उजवीकडे सपकन झटकला जात होता. जुन्या टाइपरायटरची ओळ संपली की गाडा मागे ढकलायचा दांडा. ते यंत्र भंगारात जाऊन वीस वर्षं झाली होती. हाताला कुणी कळवलं नव्हतं.

"दोन वर्षं तुमच्या शेजारी बसतोय," गांदुंग म्हणाला, "मला वाटायचं तुम्ही डास मारता."

शेवटी 'सगळं बंद'ची खूण बदलली. दोन्ही कानांवर हात. ही खूण वागिराननी सुचवली. ते ती रोजच करत होते.

मग मात्र यंत्र चालू लागलं. सुरुवातीला ते करड्या अक्षरांत "गांदुंग, आधी जेवून घे" असंही सुचवायचं, कारण चारशे बारा फायलींत ते शंभरेक वेळा होतं. विगाती हसून हसून चटईवर आडवी झाली. गांदुंग खरंच जेवला नव्हता. पण हळूहळू यंत्र शहाणं झालं. ओळीमागून ओळ बरोबर येऊ लागली. तळवा, तळवा, तळवा. मुठीची गरज दिवसातून एकदा, मग दोन दिवसांतून एकदा. गांदुंगला उत्साह आला. त्याने आणखी एक सोय केली. आठ ठोक्यांत मूठ दिसली नाही तर मंजूर समजायचं. म्हणजे बूंना हातसुद्धा दुखवायला नको.

त्या मंगळवारी सराव चालू असताना स्वयंपाकघरातून करपल्याचा वास आला. बू काप्ती उठल्या. आंबवलेल्या सोयाबीनच्या तेंपेचे तुकडे उलटले, तळून काढले, मिरच्या चिरल्या, ताट भरलं आणि परत आल्या. संगीत चालूच होतं. दारात वागिरान उभे होते, हातात होल्यांच्या दाण्यांचा डबा. ते बराच वेळ ऐकत असावेत.

"आज चांगलं वाजवलंस," ते म्हणाले.

छत्तीस वर्षांत पहिल्यांदा. बू काप्तींनी ताट खाली ठेवलं.

"मी स्वयंपाकघरात होते."

"हो का." वागिराननी एक तेंपे उचललं. "तरी चांगलं होतं."

ते अंगणात गेले. बू काप्ती खुर्चीवर बसल्या. भिंतीवर करडी ओळ आली, आठ ठोके थांबली, पांढरी झाली. पुढची आली. प्रत्येक ओळ त्यांचीच होती. त्यांनी लिहिली असती तशीच, त्याच जागी, त्याच आकड्याने. बसायचं आणि हरकत घ्यायची नाही, एवढंच काम उरलं होतं.

ही खुर्ची त्यांना ओळखीची होती. फक्त समोरून. सातवे साहेब पाक हार्जोनो, पाक म्हणजे राव, सगळ्यांत जास्त काळ टिकलेले, चहाचा पेला डाव्या हातात धरून उजव्या हाताने सह्या करायचे. वाचायचे नाहीत. एकदा बू काप्तींनी कचेरीच्या छपरात राहणाऱ्या पालीला सहा आठवड्यांची पगारी रजा मंजूर करणारा आदेश टाइप करून गठ्ठ्यात घातला. साहेबांनी सही केली. शिक्काही मारला. ती प्रत बू काप्तींच्या कपाटात अजून आहे.

"बंद कर ते," त्या म्हणाल्या.

गांदुंगने बंद केलं. काय चुकलं ते त्याला कळेना.

"बू, हे तुमचंच आहे. तुमच्या फायलींतलं. बाहेरचं एक अक्षर नाही त्यात."

"साहेबांची सहीसुद्धा त्यांचीच असायची."

विगातीने मधे पडून सांगून पाहिलं. गामेलानमध्ये ढोलकीवाल्याने थाप बदलली की पुढे काय येणार ते वाजवणाऱ्या सगळ्यांना आधीच कळतं. आधी कळण्यात लबाडी कसली? बू काप्तींनी विचारलं, कळल्यावर तू हातोडा उचलतेस की नाही? विगाती म्हणाली, उचलते. मग झालं, बू काप्ती म्हणाल्या, आणि तेंपेचं ताट तिच्या पुढ्यात सरकवलं.

गांदुंगचा चेहरा पडला होता. तीन आठवडे तो झोपला नव्हता, आणि ते कुणासाठी ते सगळ्यांना माहीत होतं. त्याने हळू आवाजात विचारलं, मग कार्यक्रम रद्द करायचा का? डॉक्टर टाइप करू देत नाही, यंत्र तुम्हाला चालत नाही. तिसरा रस्ता नाही. सरपंचांना सांगून फलक उतरवू.

"फलक उतरवायचा नाही," बू काप्ती म्हणाल्या.

"मग वाजवणार कोण?"

"नाव कुणाचं आहे?"

"तुमचं."

"मग मलाच वाजवायला पाहिजे. कसं, ते मला माहीत नाही. यंत्र घेऊन ये. तिथे बघू."

सणाच्या दिवशी सकाळी भाज्यांचा डोंगर मिरवत नेला आणि लोकांनी रीतीप्रमाणे तो लुटला. विगातीच्या वाट्याला चवळीच्या शेंगा आणि बरगडीत कुणाचं तरी कोपर आलं. गावच्या खुल्या मंडपात पश्चिमेला ताडपत्र्या बांधल्या, नाहीतर उन्हात भिंतीवरची अक्षरं दिसली नसती. चार वाजता सगळे चटयांवर बसले. पुढे सरपंच, गावातल्या म्हाताऱ्या, आणि बातिकचा नवा शर्ट घातलेले पाक हार्जोनो, मांडीवर गोड वड्यांचं ताट. निवृत्त होऊनही त्यांना प्रत्येक कार्यक्रमात पहिली रांग लागते. वायांगची माणसं पडद्याची गुंडाळी आणि बाहुल्यांच्या पेट्या घेऊन बाहेर थांबली होती. साडेपाचला मंडप त्यांचा होता.

बू काप्ती बुटक्या टेबलाशी बसल्या. उजव्या मनगटाला पट्टा. मागच्या भिंतीवर ताणलेल्या पांढऱ्या कपड्यावर कोरं पान. आपोआप मंजूर करायची सोय त्यांनी बंद करायला लावली होती.

पहिली करडी ओळ आली. ती बरोबर होती. आज, इथे, या लोकांसमोर बू काप्तींनी सुरुवात केली असती ती याच ओळीने. चुकीची असती तर सोपं गेलं असतं.

त्यांनी मूठ दाखवली.

दुसरी ओळ आली. तीही चांगली होती. मूठ. तिसरी, चौथी. मंडपात काहीच वाजत नव्हतं. मागून गांदुंग कुजबुजत होता, तळवा, बू, तळवा उघडा. यंत्राजवळचा चांगला माल संपत चालला. नवव्या खेपेला त्याने सुचवलं: "पहिल्या रांगेतले, खाऊन झालं असेल तर ताट खाली ठेवा." मंडप हसला. पाक हार्जोनोंनी ताट खाली ठेवलं. बू काप्तींनी त्यालाही मूठ दाखवली. पाक हार्जोनोंनी ताट उचललं.

मग बू काप्तींनी कॅमेऱ्याची मान धरून तो छपराकडे वळवला. कळफलक पुढे ओढला. डाव्या हाताची तर्जनी बाहेर काढली, बाकीची बोटं मिटली.

दहा बोटांना प्रत्येक कळीचा पत्ता पाठ होता. एका बोटाला काहीच माहीत नव्हतं. ते हवेत तरंगत राहिलं. बू काप्ती चष्म्यातून वाकून शोधत होत्या. चाळीस वर्षांत त्यांनी कळफलकाकडे पाहिलंच नव्हतं. कुठली कळ कुठे असते हे त्या पहिल्यांदा बघत होत्या.

भिंतीवर एल उमटला. पांढरा, एकटा.

बऱ्याच वेळाने ई.

"लेले," मागून कुणीतरी म्हणालं. हा एक मासा आहे आणि बोलणाऱ्याला भूक लागली होती. लोक हसले. आता सगळा मंडप पुढचं अक्षर ओळखू लागला. एकाने एम सांगितलं, दुसऱ्याने एन. आला एस. तेव्हा पुढे बसलेल्या म्हाताऱ्या एका आवाजात म्हणाल्या, लेसुंग. भात कांडायची लाकडी डोण. त्यांच्यापैकी चौघींकडून बू काप्तींनी गेल्या वर्षी डोणीचे ठोके ध्वनिमुद्रित करून घेतले होते. म्हाताऱ्या खूश झाल्या. उरलेली तीन अक्षरं यायला आणखी एक मिनिट गेलं. म्हाताऱ्यांनी प्रत्येक अक्षराला मान डोलावली, जणू ते त्यांनीच पाठवलं होतं.

मग कंस आला आणि सगळं अडलं. कंसासाठी दोन कळा एकदम दाबाव्या लागतात. बू काप्तींकडे बोट एकच होतं. त्यांनी कोपराने प्रयत्न केला. भिंतीवर भलतीच चार अक्षरं उमटली. ती एकेक करून पुसावी लागली. जन्मात पहिल्यांदा त्यांची खाडाखोड गावाने पाहिली.

"शिफ्टची भानगड आहे," पाक हार्जोनो म्हणाले. त्यांना राहवेना. एका बोटाने टाइप करणं हा त्यांचा आयुष्यभराचा अनुभव होता. "मी हनुवटीने दाबायचो, बू. किंवा मग तुम्हालाच हाक मारायचो."

बू काप्तींनी त्यांच्याकडे पाहिलं.

"इकडे या," त्या म्हणाल्या.

पाक हार्जोनो ताट बाजूला ठेवून उठले. बुटक्या टेबलाशी गुडघ्यांवर बसले. बू काप्तींनी कळ दाखवली.

"मी सांगितल्यावर दाबायची. सांगितल्यावर सोडायची. दुसऱ्या कशाला हात लावायचा नाही."

"बरं."

"दाबा."

साहेबांनी दाबलं. बू काप्तींनी कंस लिहिला.

"सोडा."

नुसतं शिफ्ट दाबून एकही अक्षर उमटत नाही. कचेरीचा अनुभव असल्याने पाक हार्जोनोंना हे काम लगेच जमलं. मंडपातल्या निम्म्या लोकांच्या घरात त्यांच्या सहीचे दाखले होते. ते लोक आता चटईवर माना टाकून हसत होते. सरपंच हसू दाबायला ताडपत्रीकडे बघत होते.

ओळ पुरी व्हायला नऊ मिनिटं लागली. बू काप्तींनी ती धाडली. भिंतीवर लाल अक्षरं आली. स्वल्पविराम राहिला होता. सगळा मंडप हळहळला. स्वल्पविराम कुठे असतो हे शोधायला सगळ्यांनीच मदत केली आणि त्यामुळे आणखी वेळ गेला.

मग डोण वाजली. दोन ठोके. आणि मग काही नाही.

पूर्वीच्या बू काप्तींनी तोवर त्या ओळीवर सहा ओळी चढवल्या असत्या. ठोक्यांमध्ये बोट घालायला जागा राहिली नसती. आता दोन ठोक्यांनंतर अशी मोकळी जागा पडली होती की लोकांना वाटलं, संपलं. एकाने टाळीही वाजवली. तेवढ्यात पुन्हा दोन ठोके. टाळीवाल्याने हात मांडीखाली घातले.

बू काप्ती ऐकत होत्या. ही जागा त्यांनी ठरवून सोडली नव्हती, एका बोटाला तेवढंच झेपलं होतं. पण त्यांनी ती भरायची घाई केली नाही. चारशे बारा फायलींत अशी जागा कुठेच नव्हती, आणि मागे उभ्या असलेल्या गांदुंगला ते त्यांच्याआधी कळलं. त्याने तळवा-तळवा करणं केव्हाच थांबवलं होतं.

मोकळ्या जागेत म्हाताऱ्यांना राहवेना. डोण कांडताना एकीचे दोन ठोके पडले की मधले दुसरीचे असतात. त्यांचे हात चटईवर पडू लागले. एक म्हणाली तू उशिरा मारतेस, दुसरी म्हणाली तुझी सासूही हेच म्हणायची. तरी थोड्या वेळात त्यांचं जमलं. भिंतीवरचे दोन, चटईवरचे तीन. मग मागचे लोकही मारू लागले. विगातीने वड्यांचं ताट रिकामं करून तेही वाजवायला घेतलं.

बू काप्ती दुसऱ्या ओळीला लागल्या. एक अक्षर, मग शोध, मग दुसरं अक्षर. लोक हाताने चटई मारत होते आणि तोंडाने पुढचं अक्षर सांगत होते. आता त्यांना वाटत होतं की आपल्याला कळलंय. दुसरी ओळ आपल्या चटईच्या ठोक्यांवरच येणार, तीन ठोके, पक्कं. शेवटून तिसरं अक्षर तीनचाच आकडा होता. बू काप्तींनी ते लिहिलं, थोडा वेळ पाहिलं, पुसलं आणि दुसरा आकडा घातला.

साडेपाच झाले. वायांगची माणसं आत आली. पडद्याची गुंडाळी खांद्यावर घेऊन ती भिंतीसमोरून जाऊ लागली तशी बू काप्तींची ओळ त्यांच्या पाठींवरून सरकली. सरपंचांनी घड्याळ दाखवलं. शेवटचा कंस राहिला होता.

"पाक हार्जोनो," बू काप्ती म्हणाल्या.

पाक हार्जोनोंचे गुडघे धरले होते. तरी ते जागेवर होते.

"दाबा."

कंस बंद झाला. बू काप्तींनी ओळ लगेच धाडली नाही. पाठवण्याआधी कागद एकदा वाचायचा असतो. त्यांनी सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचली, ओठ हलवत. वायांगची माणसं आपल्या शर्टांवर ती अक्षरं घेऊन उभी राहिली आणि त्यांच्या म्होरक्याने हात वर करून त्यांना हलू नका म्हणून सांगितलं. म्हाताऱ्यांनी हात उचलून तयार ठेवले.

बोट खाली आलं. ठोका पडला, सगळ्यांनी धरला होता त्याच्या आधीच. तो पडला तेव्हा सगळ्या मंडपातले हात हवेतच होते, आणि आधी म्हाताऱ्या हसू लागल्या.